'इंटरनेट संस्कृती' हा विषय कॉलेजात शिकवायचा म्हणजे नक्की काय शिकवायचं?

फळ्याजवळ

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणात ऐच्छिक विषयांची जी रांग लागली आहे, त्यातला 'इंटरनेट संस्कृती आणि समाज' हा विषय यंदा आमच्या गळ्यात आला. बीए दुसरं वर्ष, २ क्रेडिट, ३० तासिका, ६२ मुलं. माझ्याकडेच का, तर विभागातला एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आहे.

अभ्यासक्रमात चार घटक. पहिला इतिहास: १९६९ चं आर्पानेट (इंटरनेटचं पूर्वरूप), लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डच्या यंत्राला 'लॉगिन' पाठवायला गेले आणि 'एल', 'ओ' एवढी दोन अक्षरं पोचल्यावर गाडी बंद पडली, ती गोष्ट. दुसरा आभासी समुदाय. तिसरा मीम, म्हणजे रिचर्ड डॉकिन्सनी १९७६ साली हा शब्द कसा काढला वगैरे. चौथा 'सामाजिक परिणाम: फायदे व तोटे'.

पहिल्या तासाला विचारलं, ईमेल कोणाकोणाचा आहे? सगळे हात वर. स्वतःहून कोणाला एक तरी पाठवलाय? तीन हात. बाकीच्यांचा ईमेल शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना कॅफेवाल्या दादाने काढून दिलेला, आणि पासवर्ड त्या दादाच्या वहीत. मग विचारलं, इंटरनेट दिवसाला किती वेळ वापरता? मागून उत्तर आलं, "सर, मी नाय वापरत. फक्त इन्स्टा बघतो."

तेव्हापासून ते चार घटक बाजूला ठेवून बसलोय. तुमच्यापैकी कोणाला हा विषय शिकवायला सांगितला तर काय शिकवाल? उदाहरणं शक्यतो आपल्याकडची हवीत. अमेरिकेची पुस्तकात भरपूर आहेत.

वेंधळी

रुमाल टाकून ठेवते. भाकऱ्या झाल्या की येते.

खवचट खंडू

फायदे व तोटे! सर, 'विज्ञान: शाप की वरदान' हा निबंध तुमच्या पोरांनी पाचवीपासून लिहिलाय. 'विज्ञान' खोडून 'इंटरनेट' लिहायला सांगा, घटक क्रमांक चार एका तासात संपेल. शेवटी "अति तेथे माती" घालायला विसरू नका, त्याचा एक मार्क असतो.

('एल' आणि 'ओ' नंतर बंद पडलं यावरून लोडशेडिंग किती जुनं आहे ते कळलं.)

जुना चावडीकर

फळ्याजवळ सर, इतिहास आर्पानेटपासून कशाला, मराठीपासून सुरू करा की. मायबोली हे मराठी गप्पांचं संकेतस्थळ १९९६ चं आहे. तुमच्या वर्गातल्या कोणाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता.

आम्ही तेव्हा 'mi ghari aalo' छापाच्या रोमनमध्ये मराठी लिहायचो. शुद्धलेखनाचा प्रश्नच नव्हता, ऱ्हस्व-दीर्घ कोणाला दिसतंय! मग फाँटांचं युग आलं. ज्याच्या मशीनवर तो फाँट नाही त्याला तुमचं प्रेमपत्रसुद्धा चौकोन-चौकोन दिसणार. मग कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसेल असं युनिकोड आलं आणि एका रात्रीत सगळे लेखक झाले असं म्हणायला हरकत नाही. एका रात्रीत सगळे शुद्धलेखनतज्ज्ञही झाले, हे त्याचं दुसरं अंग. 'सुऱ्या' लिहिताना तो अर्धा र काढायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी 'सुर्या' लिहायचो आणि लोक सूर्याबद्दल समजायचे.

माझी सूचना अशी, की पोरांना शब्द गोळा करायला लावा. डुआयडी (एकाच माणसाचं दुसरं, खोट्या नावाचं खातं), अवांतर, पिंक टाकणे (उगाच खोचक शेरा मारणे), जिलबी पाडणे (रटाळ धागा काढणे), कंपूबाजी, दिवे घ्या. हे शब्द कोणी ठरवून केले नाहीत. चेहरा दिसत नसताना भांडायचं कसं आणि भांडण आवरायचं कसं, या अडचणीतून ते निघाले. 'दिवे घ्या' म्हणजे काय? मी हसत हसत बोलतोय हे तुला दिसत नाहीये, म्हणून लिहून सांगतो. पिवळे गोल चेहरे आल्यावर तो शब्द हळूहळू मेला. एका शब्दाच्या जन्मामृत्यूत तुमचा दुसरा घटक अख्खा बसतो.

आडनावात काय

चावडीकर काका, सगळं मान्य, पण हा तुमचा इतिहास आहे. ज्यांच्याकडे ९६ साली कॉम्प्युटर होता त्यांचा. म्हणजे परदेशातले, पुण्या-मुंबईचे आणि बरेचसे एकाच प्रकारच्या आडनावांचे. सरांच्या वर्गाचा इतिहास ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू होतो, जिओ आलं त्या दिवशी. त्याआधी आमच्या गावात नेटपॅक म्हणजे रविवारची चैन होती. आणि मेमरी कार्डात गाणी भरून देणारं दुकान. तीस रुपयांत एक जीबी गाणी, वर दोन पिक्चर फुकट. ते दुकान हेच आमचं इंटरनेट. त्यावर कोणी लिहिलंय का?

जुना चावडीकर

टोचलं, पण खरं आहे. मेमरी कार्डाच्या दुकानावर तूच लिही. मी वाचेन.

भुसावळ जंक्शन

मी जरा गंभीर लिहितो, चालवून घ्या.

सर, तुमच्या पोरांना राईनपाडा शिकवा. साक्री तालुका, धुळे जिल्हा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पिढीजात भिक्षुकी करणारे. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले.

त्या दोन-तीन महिन्यांत देशभर असे प्रकार झाले. एक क्लिप तेव्हा सगळीकडे फिरत होती: गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलून पसार होतात. ती क्लिप मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्ममधली. पुढे ते दोघं परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि मूल पळवायला किती कमी वेळ लागतो असा फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला. बाकी काही खोटं करावं लागलं नाही.

आता माझं सांगतो. राईनपाड्याच्या आठेक दिवस आधी वहिनीचा आवाजी मेसेज आला होता, "पोरांना अंगणात सोडू नका, आपल्याकडे टोळी आलीय." मी शिकलेला माणूस, नोकरीत. मला तो पूर्ण खरा वाटला नव्हता. तरी 'खबरदारी म्हणून' मी तो दोन ग्रुपवर पुढे ढकलला. खोटा निघाला तर काय बिघडलं, असा हिशोब. नंतर बातमी वाचली तेव्हा आधी मी ते दोन्ही मेसेज डिलीट करायला धावलो. कोणी काही विचारलं नव्हतं तरी.

हिरवी मिरची

भुसावळ भाऊ, हे लिहायला धैर्य लागतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतापुरती एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. जगभर ती जानेवारी २०१९ मध्ये लागू झाली. म्हणजे जगातल्या प्रत्येकाच्या फोनमधला हा नियम आपल्याकडच्या मृत्यूंमधून निघालेला आहे. पोरांना हे सांगितलं तर ते बटण त्यांना वेगळं दिसेल.

पण एक शंका. दोष फोनचा की माणसांचा? २१ सप्टेंबर १९९५ आठवतो का कोणाला? गणपती दूध प्यायला लागले तो दिवस. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सामान्य लोकांना इंटरनेट देऊन जेमतेम महिना झाला होता, म्हणजे कोणाकडेच नव्हतं. तरी दुपारपर्यंत देशभर देवळांसमोर रांगा, आणि परदेशातल्या देवळांतही. माझी आई ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून चमचा घेऊन गेली होती. अफवेला वायर लागत नाही.

खवचट खंडू

आमच्याकडे त्या दिवशी दुपारनंतर चहाला दूध नव्हतं. या घटनेचा सामाजिक परिणाम मी प्रत्यक्ष भोगलेला आहे.

भुसावळ जंक्शन

मिरचीताई, मुद्दा बरोबर, पण फरक आहे. ९५ साली तुमच्या आईला कोणीतरी सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी, किंवा फोन करून मावशीने. "तुला कोणी सांगितलं?" असं विचारता येत होतं. विचारत विचारत चार घरं मागे जाता आलं असतं. वहिनीचा मेसेज मला आला तेव्हा त्यातला आवाजच वहिनीचा नव्हता, कोणा तिसऱ्याच बाईचा होता! मी तो वहिनीचाच समजून ऐकला, कारण वर तिचं नाव होतं. 'फॉरवर्डेड' ही खूण एवढंच सांगते की हे माझं नाही. कोणाचं आहे ते नाही सांगत.

फळ्याजवळ

हा एक प्रतिसाद म्हणजे माझ्या तीन तासिका झाल्या. वर्गात क्लिप आधी कापलेली सांगेन, मग शेवट सांगेन. दाखवणार नाही. धुळ्याकडची तीन मुलं आहेत वर्गात, त्यांना आधी विचारीन.

शब्दवेडी

मी थोडं हलकं करते वातावरण. भाषाशास्त्राची विद्यार्थिनी होते, तेव्हाचं डोक्यात राहिलेलं. मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये लिहिलं होतं, की माणसं पुष्कळदा माहिती देण्यासाठी बोलतच नाहीत, 'आपण आहोत ना एकमेकांना' एवढं सांगायला बोलतात. "काय, जेवण झालं का?" याचं उत्तर "नाही" असं दिलं तर विचारणारा गोंधळतो. त्याला जेवायला घालायचं नसतं.

गुलाबाच्या फुलावर दवबिंदू आणि खाली सुविचार, हे तेच. २०१८ च्या सुरुवातीला बातमी आली होती, की भारतातल्या लोकांचे फोन सारखे भरून बंद का पडतात हे गुगलच्या मंडळींनी शोधलं तेव्हा गुड मॉर्निंगच्या चित्रांचे ढीग निघाले. आपण त्यावर हसलो. पण माझे सासरे रोज पहाटे साडेपाचला शंभरेक लोकांना शुभ सकाळ पाठवायचे. एक दिवस सात वाजेपर्यंत आलं नाही, तर त्यांच्या तीन मित्रांनी आम्हाला फोन केले. बाबा बाथरूममध्ये पडले होते, पाय मोडला होता. आम्ही दुसऱ्या गावात राहतो, आम्हाला दुपारपर्यंत कळलं नसतं.

खवचट खंडू

ताई, हे वाचून मी आमच्या काकांचा ग्रुप म्यूटमधून काढला. ४१२ मेसेज. काका ठणठणीत आहेत, पण नेहरूंबद्दल बरंच काही सांगायचंय त्यांना.

बे एरिया बंड्या

सर, तुम्हाला सोबत म्हणून सांगतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात केनेथ गोल्डस्मिथ या कवीने २०१५ मध्ये इंग्रजी विभागात चक्क 'इंटरनेटवर वेळ वाया घालवणे' हा वर्ग घेतला होता. आठवड्याला ३ तास. वर्गात बसून नुसतं स्क्रीनकडे बघायचं, बोलायचं ते चॅटवरून, आणि त्या भटकंतीतून साहित्य निर्माण करायचं. वर्गाची घोषणा झाली तेव्हा पेपरांनी खूप हसून घेतलं होतं.

आडनावात काय

आमच्याकडे हा वर्ग विनाअनुदानित तत्त्वावर कट्ट्यावर रोज भरतो. हजेरी शंभर टक्के.

शब्दवेडी

बंड्या, त्यापेक्षा दुसऱ्या टोकाचं उदाहरण सरांच्या कामाचं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डॅनियल मिलर आणि त्यांचे सहकारी. नऊ मानववंशशास्त्रज्ञ, प्रत्येकजण १५ महिने एकेका गावात राहिला: इटली, तुर्कस्तान, चिली, ब्राझील, त्रिनिदाद, इंग्लंड, चीनमध्ये दोन ठिकाणी, आणि एक आपल्या तमिळनाडूत. लोक सोशल मीडियावर काय टाकतात ते घराघरात बसून बघितलं. त्यांना दिसलं ते असं, की अ‍ॅप सगळीकडे तेच असलं तरी गाव त्याला आपल्यासारखं करून घेतं. सर, तुमच्याकडे ६२ पोरं म्हणजे चाळीसेक गावं तरी असतील. १५ महिने नाही, १५ दिवस पुरेत.

फळ्याजवळ

हेच डोक्यात घोळत होतं. प्रत्येकाने आपल्या घरच्या किंवा गावच्या एका ग्रुपचं निरीक्षण करायचं, स्क्रीनशॉट काढायचे, टिपण लिहायचं. कसं वाटतं?

वकीलीण बाई

थांबा सर. स्क्रीनशॉट नको.

दोन गोष्टी सांगते. पहिली विषयाला धरून. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीने लाइक केलं. वय २१ आणि २०, म्हणजे तुमच्याच वर्गातली. दोघींना अटक झाली. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ वर (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिण्याबद्दल शिक्षेचं कलम) सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, याचिका करणारीही विशीच्याच घरातली होती. श्रेया सिंघल खटला, निकाल २४ मार्च २०१५, कलम रद्द. तुमच्या पोरांना हे माहीत असायला हवं, कारण 'लाइक' म्हणजे नक्की काय, सहमती की हजेरी की नुसतं अंगठ्याचं वळण, हा प्रश्न आपल्याकडे पोलीस ठाण्यात विचारला गेलाय.

दुसरी गोष्ट प्रकल्पाची. ग्रुपमध्ये लिहिणाऱ्याने ग्रुपसाठी लिहिलेलं असतं, तुमच्या फाइलसाठी नाही. नावं झाकली तरी गावात कळतंच की 'सौ. क' कोण. आधी विचारा, हो म्हणतील त्यांचंच घ्या, आणि शब्दशः उतरवू नका.

मोदकाची आमटी

वकीलीण बाईंना शंभर वेळा अनुमोदन. माझं ऐका.

माझा मुलगा शहरातल्या एका कॉलेजात मास मीडिया करतो. त्याला असाच प्रकल्प होता. चिरंजीवांनी माझा फोन उचलला आणि आमच्या भिशीच्या ग्रुपचे स्क्रीनशॉट काढले. चौदा बायका, अकरा वर्षांची भिशी. त्या आठवड्यात नेमका वाद चालू होता, एकीने सलग दोन महिने पैसे उशिरा दिले होते. वाद तोंडावर कोणीच करत नव्हतं. सगळं चाललं होतं स्टेटसमधून. एक टाकणार, "काही लोकांना वेळेची किंमत नसते." दुसरी टाकणार, "परिस्थिती कोणावरही येते." मध्येच तिसरी पनीरची भाजी. मुलाला हे फार आवडलं. 'स्टेटसमधून संघर्ष' असं शीर्षक दिलं, नावं काळी केली, वर्गात पडद्यावर दाखवलं.

वर्गात पनीरवालीची भाची होती.

चित्रावरून ओळखलं तिने, ताटाची किनार बघून. संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये चौदाच्या आठ जणी उरल्या. मी प्रत्येकीच्या घरी जाऊन आले. जिने पैसे उशिरा दिले होते, तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती आणि ते तिने फक्त मला सांगितलं होतं. तिला वाटलं मीच सगळं मुलाला पुरवलं. ती अजून बोलत नाही. मुलाला प्रकल्पात सर्वांत जास्त गुण मिळाले.

खवचट खंडू

यावर विनोद सुचला होता. नाही टाकत.

कृष्णाकाठ

आमच्या सांगलीचं एक राहून जातंय बघा. मोहित्यांचे वडगाव, कडेगाव तालुका. २०२२ पासनं गावात संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो. वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, पोरं अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा, मग सगळं सुरू. लॉकडाउनमध्ये शाळा फोनवर गेली, शाळा परत आली पण पोरं फोनवरनं परत येईनात, म्हणून हे काढलं. बाहेरच्या देशातले पत्रकार येऊन गेले बघायला. त्याच वर्षी यवतमाळकडं पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं १८ वर्षांखालच्या पोरांना मोबाइलच बंद, असा ठराव केला. दोन्ही गावं वर्गात शेजारी शेजारी ठेवून बघा. एकानं वेळ ठरवली, दुसऱ्यानं वय.

सिडनीकर

वय ठरवणारी आता आमच्याकडेही आहेत. १६ च्या आतल्यांना सोशल मीडियाची खाती बंद, १० डिसेंबर २०२५ पासून. माझी मुलगी पंधराची. तिने पहिल्या दिवशी विचारलं, "आजीशी बोलायचं ते चालेल ना?" चालतं. तेवढ्यासाठी मराठी सुधारलंय तिचं!

शेवटचा बाक

मी इथं नवीन आहे. सर मला ओळखणार नाहीत, मी त्यांच्या कॉलेजातला नाही, पण बीएलाच आहे. सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लिहितो.

तुम्हाला वाटतं आम्ही कुठं काय टाकावं याचा विचार करत नाही. माझी इन्स्टावर दोन खाती आहेत. एक माझ्या नावाचं. त्यात मामा, काका, ट्यूशनच्या मॅडम, गावातले नेते, सगळे. त्यात मी फक्त शिवजयंती, गणपती आणि स्वतःचा वाढदिवस टाकतो. दुसऱ्यात एकोणीस जण. तिथं मी कविता टाकतो. घरी माहीत नाही. वाईट काही नसतं त्यात, पण मामाने वाचली तर तो रविवारी सगळ्यांसमोर म्हणून दाखवणार, हे पक्कं.

माझ्या बहिणीची तीन आहेत. पहिल्यात तिचा फोटोच नाही, फुलाचा आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "फोटो लावला की आधी अनोळखी पोरं येतात, मग ओळखीच्या बायका येतात विचारायला, की का लावला."

आणि सर, "फक्त इन्स्टा बघतो" म्हणणाऱ्याला हसू नका. तो बरोबर बोलला. आमच्याकडं इंटरनेट म्हणजे ऑनलाइन फॉर्म, ओटीपी, सर्व्हर डाऊन. ती सरकारी कामं. इन्स्टा वेगळं.

फळ्याजवळ

शेवटचा बाक, तुझ्यासारखा एक जण वर्गात असेल तर मला अभ्यासक्रम नको. मी हसलो होतो हे खरं. उद्या जाऊन त्या मुलाशी बोलतो.

तू सांगितलंस त्याला अभ्यासक 'कॉन्टेक्स्ट कोलॅप्स' म्हणतात, डॅना बॉइड या अमेरिकन अभ्यासक बाईंच्या लिखाणात हे खूप येतं. मामा, मॅडम आणि मित्र हे तीन वेगळे दरवाजे असलेलं घर होतं, ते एकच दालन झालं, आणि सगळे एकदम ऐकतायत. तुझी दोन खाती म्हणजे पुन्हा घातलेली भिंत. पण तुझं 'रविवारी म्हणून दाखवणार' हे जास्त चांगलं आहे. परवानगी देत असशील तर वर्गात वापरतो. नाव नाही घेणार.

शेवटचा बाक

वापरा सर. कविता नका मागू फक्त.

निवांत नाशिक

अवांतर: टिकटॉक कोणीच काढलं नाही? २९ जून २०२० ला ५९ अ‍ॅपवर बंदी आली त्यात ते गेलं. आमच्या भागात ऊसतोडीच्या फडातून, शेळ्यांमागून व्हिडिओ करणारे होते. बंदी आली तेव्हा शहरातले मित्र म्हणाले, बरं झालं, घाण गेली. तेच मित्र आता तेच सगळं रील्समध्ये रात्री दोनपर्यंत बघतात. 'घाण' कोणाला म्हणायचं हा एक तास घ्या सर.

आडनावात काय

निवांत, हे अवांतर नाही. हाच विषय आहे.

फळ्याजवळ

महिना उलटून गेला, धागा वर काढतोय. सांगायचं राहिलं होतं.

वकीलीण बाई आणि मोदकाची आमटी यांचं ऐकून स्क्रीनशॉट रद्द केले. त्याऐवजी प्रत्येकाने फक्त स्वतःची नोंद ठेवायची: सात दिवस, फोन हातात कधी आला, कोणाचा होता, काय केलं, का थांबलो. 'कोणाचा होता' हा रकाना मी सहज घातला होता. ६२ पैकी १७ जणांनी त्यात स्वतःखेरीज दुसऱ्याचं नाव लिहिलं. त्यातल्या चौदा मुली.

एकीची वही समोर आहे, तिला विचारून लिहितोय. फोन वडिलांचा. ते पहाटे दूध घालायला डेअरीवर फोन घेऊन जातात, दिवसभर फोन त्यांच्या खिशात. तिच्या सातही दिवसांच्या नोंदी जवळपास सारख्या: "रात्री ९:४० ते १०:१५. वडील झोपल्यावर." तिसऱ्या दिवशी ९:४० ला सुरू आणि ९:५२ ला बंद, 'का थांबलो' मध्ये लिहिलंय, "काकांचा फोन आला, वडील उठले." त्या बारा मिनिटांत तिने वर्गाच्या ग्रुपवरचे ९६ मेसेज वर सरकवत वाचले. तास बदलल्याचा मेसेज सकाळी आला होता, तो तिला रात्री दिसला. म्हणजे त्या दिवशी ती रिकाम्या वर्गात बसून गेली होती. मी तिला विचारलं, ग्रुपमध्ये तू काहीच का लिहीत नाहीस? म्हणाली, "सर, मी पोचते तोवर सगळ्यांचं बोलून झालेलं असतं. मला रोज शिळं मिळतं."

तासबदलाचा तो मेसेज मीच टाकला होता.

आता तास बदलला की आदल्या दिवशी फळ्यावर लिहितो, ग्रुपवर नंतर. आणि चौथ्या घटकाचं नाव मी वर्गापुरतं बदललंय. फायदे-तोटे काढून 'फोन कोणाचा' असं लिहिलं. विद्यापीठाच्या पेपरात अर्थात जुनंच येणार.

मोदकाची आमटी

सर, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. (मुलाला हा धागा वाचायला दिला. शेवटपर्यंत वाचला. मग उठून त्या काकूंकडे गेला होता. अर्ध्या तासाने आला, काही बोलला नाही. डबा मात्र भरलेला होता.)

वेंधळी

रुमाल उचलते. भाकऱ्या झाल्या, मधे मुलाची सहामाही झाली, आज एका बैठकीत वाचून काढलं सगळं. मलाही शिळंच मिळालं, पण चवीला उतरलेलं नव्हतं. सर, तुमचा अंतर्गत परीक्षेचा पेपर निघाला की इथं टाका, आम्हीही सोडवू.

खवचट खंडू

कॉपी चालेल का? फॉरवर्डेड अशी खूण करून देतो.